मनगटावरची गँगलियनची गाठ: काढावी, रिकामी करावी की राहू द्यावी?

मनगटाच्या मागच्या बाजूला, विशेषतः हात खाली वाकवला की ठळकपणे वर येणारी, गोल, गुळगुळीत आणि दाबल्यास टणक लागणारी गाठ दिसू लागली, तर ती बहुधा गँगलियनची गाठ असते. हात आणि मनगट या भागांत त्वचेखाली येणाऱ्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठी याच प्रकारच्या असतात. त्या कर्करोगाच्या नसतात आणि पुढे त्यांचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. हे अगदी सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, कारण ही गाठ दाखवायला येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ती दुखते म्हणून नव्हे, तर तिची भीती वाटते म्हणून आलेले असतात. २००० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत अशा रुग्णांना येण्याचे मुख्य कारण विचारले गेले, तेव्हा ३८ टक्के लोकांनी गाठ वाईट दिसते असे सांगितले, २८ टक्के लोकांना कर्करोगाची शंका होती आणि केवळ २६ टक्के लोक दुखते म्हणून आले होते.

उपचाराचे मार्ग तीन आहेत: काहीही न करता गाठीवर लक्ष ठेवणे, सुईने आतील द्रव काढून घेणे आणि शस्त्रक्रिया करून गाठ मुळापासून काढणे. यांपैकी सर्वांत चांगला कोणता, असे विचारण्याआधी या विशिष्ट व्यक्तीला या गाठीचा नेमका कोणता त्रास होतो आहे, हे ठरवावे लागते. ज्याला फक्त भीती आहे त्याच्यासाठी खात्रीशीर निदान हाच पूर्ण उपचार ठरू शकतो. ज्याच्या हाताची ताकद एखाद्या मज्जातंतूवर दाब आल्याने कमी होत आहे, त्याला मात्र ‘थांबून पाहू’ हा सल्ला घातक ठरेल. या दोन टोकांच्या मध्ये बहुसंख्य लोक येतात आणि त्यांना निर्णय घेता यावा, यासाठी ही गाठ मुळात तयार कशी होते ते समजून घेणे आवश्यक आहे.

गाठीच्या आत काय असते

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली असतात आणि ती एकमेकांना लिगामेंट नावाच्या चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. या सगळ्या रचनेभोवती सांध्याचे आवरण असते आणि आत हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून वंगणासारखा द्रव असतो. मनगटाच्या मागच्या बाजूला येणारी गाठ, जी एकूण गँगलियनच्या साधारण ६० ते ७० टक्के वेळा आढळते, ती बहुतेक वेळा स्कॅफॉइड आणि ल्युनेट या दोन शेजारच्या हाडांना जोडणाऱ्या लिगामेंटजवळून निघते. साधारण पाचांपैकी एक गाठ तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाखाली, म्हणजे जेथे नाडी पाहतात त्या ठिकाणी येते. उरलेल्यांपैकी काही बोटे वाकवणाऱ्या स्नायुरज्जूंच्या म्यानावर, बोटाच्या मुळाशी येतात. त्या अगदी लहान, कठीण असतात आणि मुठीत एखादी वस्तू घट्ट धरली की टोचतात.

गाठीच्या आतील द्रव सांध्यातील द्रवासारखा पातळ नसून जेलीसारखा घट्ट, पारदर्शक आणि चिकट असतो. त्यात प्रामुख्याने हायल्युरोनिक आम्ल आणि काही प्रथिने असतात. या गाठीला सर्रास ‘सिस्ट’ म्हटले जात असले, तरी खऱ्या सिस्टला आतून पेशींचे अस्तर असते आणि गँगलियनला ते नसते. तिची भिंत म्हणजे दाबून थरावर थर बसलेले कोलॅजेनचे तंतू असतात. त्यामुळे गाठीची पिशवी स्वतः द्रव तयार करत राहते ही समजूत बरोबर नाही. द्रवाचा उगम खाली, सांध्याजवळ असतो.

या उगमाविषयी दोनशेहून अधिक वर्षे वाद चालत आला आहे. अठराव्या शतकात असा तर्क मांडला गेला की सांध्याचे अस्तरच आवरणातील कमकुवत जागेतून बाहेर फुगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरे मत पुढे आले, ते असे की आवरणातील तंतूंची झीज होऊन तेथेच बुळबुळीत पदार्थ साठतो. आज अनेक तज्ज्ञ असे मानतात की लिगामेंट आणि आवरण जेथे मिळतात तेथे वारंवार ताण बसल्याने त्या जागेतील पेशी हायल्युरोनिक आम्ल अधिक प्रमाणात तयार करतात, त्याचे सूक्ष्म थेंब एकत्र येतात आणि वाट मिळेल तिकडे वर सरकतात. वाद पूर्णपणे मिटलेला नाही. परंतु उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला एक भाग १९७० च्या दशकात पुष्कळसा स्पष्ट झाला.

१९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगटाच्या सांध्यात एक्स-रेवर दिसणारे रंगद्रव्य टोचले गेले. पुष्कळ रुग्णांमध्ये ते सांध्यातून गाठीत पोहोचले. पण तेच द्रव्य गाठीत टोचले असता ते सांध्यात परत गेले नाही. याचा अर्थ असा, की गाठ आणि सांधा यांना जोडणारी एक अरुंद नळी असते आणि तिच्यातील प्रवाह एकाच दिशेने, झडप बसवल्याप्रमाणे, होतो. पुढे १९७६ मध्ये अँजेलिडिस आणि वॉलेस या शल्यचिकित्सकांनी मनगटाच्या मागच्या गाठींच्या तीनशेहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा घेऊन दाखवले, की वर दिसणारी गाठ ही एका वळणदार देठाच्या टोकाशी असते आणि त्या देठाचे मूळ स्कॅफॉइड-ल्युनेट लिगामेंटपाशी असते. गाठ कधी मोठी तर कधी लहान का होते, ती फोडली तरी पुन्हा का येते आणि एकाच नावाच्या शस्त्रक्रियेचे निकाल इतके वेगवेगळे का असतात, या सर्व प्रश्नांची उत्तरे या देठात आहेत. पुढे वाचताना एवढी एकच रचना डोळ्यांसमोर ठेवली तरी पुरे.

ही गाठ कोणत्याही वयात येऊ शकते. पण वीस ते चाळीस या वयोगटात ती अधिक दिसते आणि स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट असते. काहींना पूर्वी मनगट मुरगळल्याचे आठवते, बहुतेकांना काहीही आठवत नाही. हातांवर शरीराचा भार पेलणाऱ्या जिम्नॅस्टसारख्या खेळाडूंमध्ये ती वारंवार पाहायला मिळते. मात्र अमुक एका कामामुळेच ती झाली, असे एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ठामपणे सांगता येत नाही, आणि म्हणून केवळ गाठीपायी उपजीविकेचे काम सोडण्याचा सल्ला कोणी देत असेल तर त्याला आधार काय, हे जरूर विचारावे.

ती गँगलियनच आहे, हे कशावरून

अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा नुसत्या तपासणीवरून निदान करतात. गाठ ठरावीक जागी असते, तिच्या कडा स्पष्ट असतात, वरची त्वचा तिच्यावरून सहज सरकते, पण गाठ खालच्या बाजूला बांधल्यासारखी वाटते. तिचा व्यास बहुधा एक ते तीन सेंटिमीटर असतो. अंधाऱ्या खोलीत गाठीला चिकटवून लहान विजेरी लावली तर द्रव भरलेली गाठ उजळून निघते, तर घट्ट मांसल गाठ तशी उजळत नाही. रुग्णाने सांगितलेली एक माहितीही येथे फार उपयोगी पडते: हात जास्त वापरला की गाठ वाढते आणि विश्रांतीनंतर कमी होते, असे असेल तर ते गँगलियनच्या बाजूने बोलणारे लक्षण आहे, कारण कर्करोगाच्या गाठी अशा मागेपुढे होत नाहीत.

शंका उरल्यास सोनोग्राफी ही स्वस्त, वेदनारहित आणि पुरेशी तपासणी आहे. ती गाठ द्रवाची आहे की मांसल, तिचा देठ कोठे जातो आणि शेजारची रक्तवाहिनी किती जवळ आहे, हे दाखवते. एक्स-रेमध्ये गँगलियन दिसत नाही. तो काढला जातो तो सांध्याची झीज आहे का किंवा फुगवटा मुळात हाडाचाच आहे का हे पाहण्यासाठी. एमआरआयची गरज मोजक्यांनाच पडते. त्यांपैकी एक गट विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे: ज्यांचे मनगट मागच्या बाजूला, हात पूर्ण वर वळवताना, बरेच महिने दुखते, पण वरून काहीच दिसत नाही. अशांमध्ये कधीकधी काही मिलिमीटरची लपलेली गाठ सापडते. गाठ जेवढी मोठी तेवढी वेदना अधिक, हा अंदाज येथे उलटा ठरतो. अरुंद जागेत अडकलेली छोटी गाठ मोठ्या, मोकळ्या गाठीपेक्षा जास्त दुखू शकते.

गँगलियनसारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टीही आहेत. मनगटाच्या मागे, तळहाताच्या हाडांच्या मुळाशी हाडाचाच उंचवटा असू शकतो. तो दगडासारखा कठीण लागतो आणि जराही हलत नाही. बोटे सरळ करणाऱ्या स्नायुरज्जूंच्या म्यानाला सूज आली असेल, तर बोटे हलवताना ती सूजही पुढेमागे सरकते, आणि अशा वेळी संधिवाताचा विचार करावा लागतो. चरबीची गाठ मऊ असते. तळहाताच्या बाजूची गाठ नाडीबरोबर उडते असे वाटले, तर ती धमनीला चिकटलेली गँगलियन असू शकते किंवा धमनीचाच फुगा असू शकतो, आणि हा फरक सुई घालण्याआधीच ठरायला हवा. ‘कंपाउंड पामर गँगलियन’ नावाचा एक विकार आहे, ज्यात मनगटाच्या वर आणि तळहातात अशी दोन ठिकाणी फुगणारी सूज येते. नावात साम्य असले तरी तो वेगळा आजार आहे, त्यामागे अनेकदा क्षयरोग असतो आणि त्याचे उपचारही निराळे असतात.

गाठ सतत वाढतच आहे, पाच सेंटिमीटरहून मोठी झाली आहे, खोल रुतलेली व न हलणारी आहे, रात्री झोपेतून उठवण्याइतकी दुखते, त्यावरची त्वचा लाल व गरम झाली आहे, किंवा बोटांत बधिरपणा व अशक्तपणा येत आहे, यांपैकी काहीही असेल तर ‘गँगलियनच असेल’ असे घरी बसून ठरवू नये.

काहीही न करणे, हाही उपचार आहे

डॉक्टरांनी गाठ पाहून ‘राहू द्या’ म्हटले की आपली तक्रार गांभीर्याने घेतली नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात या सल्ल्यामागे बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमधील डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गँगलियनच्या रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून दोन अभ्यास प्रसिद्ध केले. २००३ मधील अभ्यास तळहाताच्या बाजूच्या गाठींचा होता. पाच वर्षांनंतर पाहिले असता, ज्यांच्यावर काहीच उपचार केले नव्हते त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांची गाठ आपोआप नाहीशी झाली होती. ज्यांची शस्त्रक्रिया झाली होती त्यांच्यापैकी ४२ टक्के जणांमध्ये आणि ज्यांचा द्रव काढला होता त्यांच्यापैकी ४७ टक्के जणांमध्ये ती परत आली होती. २००७ मध्ये मनगटाच्या मागच्या गाठींविषयी याच पद्धतीने केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ३९ टक्के आणि द्रव काढल्यानंतर ५८ टक्के गाठी परतल्या. त्याहून लक्षवेधी निष्कर्ष हा होता, की सरासरी सहा वर्षांनंतर तिन्ही गटांतील लोकांच्या त्रासात फारसा फरक राहिला नव्हता.

या आकड्यांचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा नाही. उपचार न घेतलेल्या गटात मुळातच कमी त्रास असलेले लोक अधिक असण्याची शक्यता असते, आणि जो माणूस सहा वर्षे थांबायला तयार नाही त्याला सहा वर्षांनंतरची सरासरी सांगून उपयोग नसतो. तरीही जी गाठ दुखत नाही, कामात अडथळा आणत नाही, तिच्यासाठी घाई करण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नाही, एवढे या अभ्यासांवरून निश्चित म्हणता येते. लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. दहा वर्षांखालील मुलांमधील बहुतेक गाठी काही महिन्यांत ते वर्षभरात आपोआप जातात, त्यामुळे मुलाला भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याआधी पालकांनी थांबणे जवळजवळ नेहमीच शहाणपणाचे असते.

थांबणे म्हणजे दुखणे सोसणे नव्हे. गाठ दुखू लागली की काही दिवस मनगटाला आधार देणारा पट्टा बांधावा, साधे वेदनाशामक घ्यावे आणि ज्या हालचालीने दुखते ती तेवढ्यापुरती टाळावी. हात जमिनीवर सपाट टेकवून शरीराचा भार घेताना मनगट पूर्ण मागे वळते आणि नेमका त्याच जागी ताण बसतो. व्यायाम करणाऱ्यांनी तोच व्यायाम मूठ टेकवून किंवा हँडल धरून केला, तर मनगट सरळ राहते आणि दुखणे बरेच कमी होते. पट्टा मात्र महिनोन्‌महिने वापरू नये, कारण त्याने मनगट आखडते आणि हाताची ताकद घटते.

येथे एका जुन्या ‘उपायाबद्दल’ सांगणे भाग आहे. गाठीवर जड पुस्तक आपटून ती फोडण्याची प्रथा अनेक देशांत होती आणि अजूनही कोणी ना कोणी तो सल्ला देतोच. आघाताने पिशवी फुटून द्रव आजूबाजूच्या ऊतींमध्ये पसरतो व गाठ दिसेनाशी होते, हे खरे आहे. पण देठ जागच्या जागी राहतो आणि गाठ पुन्हा भरण्याची वाट मोकळीच असते. दरम्यान मनगटातील एखादे लहान हाड मोडण्याचा धोका मात्र पत्करलेला असतो. घरी सुई टोचून गाठ रिकामी करणे याहूनही वाईट. गाठीचा संबंध थेट सांध्याशी असल्याने तेथे जंतू शिरले तर ते सांध्यापर्यंत पोहोचू शकतात, आणि सांध्यातील पू हे गँगलियनपेक्षा कितीतरी गंभीर प्रकरण आहे.

सुईने द्रव काढणे

ही प्रक्रिया बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते. त्वचा निर्जंतुक करून, थोडी बधिर करून, जाड सुई गाठीत घातली जाते आणि सिरिंजने आतील जेली ओढून घेतली जाते. द्रव घट्ट असल्याने बारीक सुईतून तो येत नाही. काढल्यावर काही दिवस दाब देणारी पट्टी बांधतात. टाके नाहीत, व्रण नाही, दुसऱ्या दिवशीपासून कामावर जाता येते.

यातील अडचण आता वेगळी समजावून सांगायची गरज नाही: पिशवी रिकामी झाली, देठ तसाच राहिला. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात द्रव काढल्यानंतर गाठ परतण्याचे प्रमाण सरासरी ५९ टक्के आढळले. द्रव काढल्यावर स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पण त्यामुळे गाठ परत येण्याचे प्रमाण ठोसपणे कमी होते, असे सिद्ध झालेले नाही. शिवाय स्टिरॉइडमुळे त्या जागेची त्वचा फिकट पडू शकते आणि खालची चरबी विरघळून खळगा पडू शकतो. ज्याने गाठ वाईट दिसते म्हणून उपचार घेतला, त्याच्या हाती पांढरा डाग आणि खळगा येणे हा वाईटच सौदा आहे. पिशवीच्या भिंती चिकटून याव्यात म्हणून दाहक रसायन आत सोडण्याचेही प्रयोग झाले. मात्र ते रसायन सांध्यात उतरून कूर्चेला इजा करू शकते ही भीती असल्याने ती पद्धत मागे पडली.

मग सुईचा उपयोग काय? माझ्या मते तो दोन कारणांसाठी आहे आणि दोन्ही कारणे महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे, सिरिंजमध्ये आलेली स्वच्छ जेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की निदानाबद्दल रुग्णाच्या मनात शंका राहत नाही. भीतीमुळे आलेल्या माणसाला एवढ्याने पुष्कळदा समाधान मिळते, मग गाठ पुन्हा भरली तरी तो अस्वस्थ होत नाही. दुसरे म्हणजे, गाठ रिकामी असतानाच्या आठवड्यांत मनगटाचे दुखणे थांबते का, हे पाहता येते. गाठ बसली आणि तरीही तेवढेच दुखत राहिले, तर वेदनेचे मूळ कदाचित खालच्या लिगामेंटच्या दुखापतीत आहे आणि गाठ ही फक्त सोबत आलेली आहे. ही माहिती शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी मिळाली, तर पुढचा अपेक्षाभंग टळतो.

तळहाताच्या बाजूच्या गाठीला मात्र सुई लावताना फार सावधगिरी हवी. ती गाठ अंगठ्याच्या बाजूच्या धमनीला चिकटलेली, कधीकधी तिच्याभोवती वेढा घातलेली असते. काही डॉक्टर तेथे आंधळेपणाने सुई घालणे टाळतात, काही सोनोग्राफीवर पाहत सुई घालतात. हे दोन्ही पवित्रे योग्यच आहेत.

शस्त्रक्रिया केव्हा आणि कशी

शस्त्रक्रियेची बाजू सर्वांत भक्कम असते ती मज्जातंतूवर दाब आल्यावर. करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या मुळाशी एका अरुंद मार्गातून अल्नर मज्जातंतू जातो. तेथे गँगलियन झाली तर बाहेर काहीही न दिसता हाताचे लहान स्नायू दुबळे होऊ शकतात. असा अशक्तपणा सुरू झाला असेल तर थांबण्यात अर्थ नाही, कारण फार काळ दबलेला मज्जातंतू पूर्ववत होईलच असे नाही. यानंतर क्रम लागतो तो महिनोन्‌महिने टिकणाऱ्या व कामात अडथळा आणणाऱ्या वेदनेचा, आणि निदानाबद्दल खरी शंका असण्याचा. केवळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणे हा ज्याचा त्याचा निर्णय आहे; फक्त गाठीच्या जागी कायमचा व्रण येणार आहे आणि गाठ परतण्याची शक्यताही आहे, हे दोन्ही समजून तो घ्यावा. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने तर २०१८ मध्ये गँगलियन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा समावेश ठरावीक निकष पूर्ण झाल्यासच कराव्यात अशा उपचारांच्या यादीत केला.

उघड्या शस्त्रक्रियेत बहुधा संपूर्ण शरीराला भूल देण्याची गरज नसते. हात तेवढा बधिर केला जातो. दंडावर पट्टा आवळून रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवतात, म्हणजे रक्तविरहित, स्वच्छ जागेत काम करता येते. त्वचेच्या वळींच्या दिशेने छेद घेऊन, संवेदना नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंच्या शाखा बाजूला सारून, गाठ देठापर्यंत मोकळी केली जाते आणि देठाच्या मुळाभोवतीचा सांध्याच्या आवरणाचा लहानसा भाग तिच्याबरोबर काढला जातो. कौशल्य लागते ते येथेच. आवरण पुरेसे काढले नाही तर सूक्ष्म पोकळ्या मागे राहतात व गाठ परतते. फार खोल गेले तर हाडांना बांधणाऱ्या लिगामेंटलाच इजा होऊन मनगट अस्थिर होते. आवरणातील ते भोक सहसा शिवत नाहीत, कारण ते ताणून शिवल्यास मनगट खाली वाकणे कायमचे कमी होऊ शकते. तळहाताच्या बाजूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधी हाताला दुसऱ्या धमनीतून पुरेसे रक्त मिळते ना, हे मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबून व एकेक सोडून तपासले जाते, म्हणजे एका धमनीला इजा झालीच तरी हात सुरक्षित राहील.

दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेत मोठा छेद नसतो. सांध्यात बारीक दुर्बीण घालून देठाचे मूळ आतल्या बाजूने कापले जाते. या पद्धतीची ख्याती १९९० च्या दशकापासून वाढली. वर उल्लेखलेल्या २०१५ च्या विश्लेषणात उघड्या शस्त्रक्रियेनंतर २१ टक्के आणि दुर्बिणीनंतर ६ टक्के गाठी परतल्याचे दिसले, त्यामुळे दुर्बीण सरस आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु २००८ साली रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून केलेल्या चाचणीत एका वर्षानंतर दोन्ही पद्धतींत परतण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. अशी चाचणी अधिक विश्वासार्ह मानली जाते, कारण विखुरलेल्या अभ्यासांमध्ये सोपे रुग्ण एका पद्धतीकडे आणि अवघड रुग्ण दुसरीकडे गेलेले असू शकतात.

येथे वाचकाला एक गोष्ट खटकली असेल: शस्त्रक्रियेनंतर गाठ परतण्याचे प्रमाण कोठे दहा टक्के, कोठे २१, कोठे ३९, आणि १९७६ च्या त्या आढाव्यात तर अवघे एक टक्क्याच्या आसपास, असे का? काही अंशी हे पाठपुराव्याच्या काळावर अवलंबून असते. एक वर्षाने मोजले तर आकडा लहान येतो, सहा वर्षांनी मोजले तर वाढतो. काही अंशी ते मोजण्याच्या रीतीवर अवलंबून असते, कारण रुग्णाला पत्राने विचारले तर तो व्रणाखालचा कोणताही फुगवटा ‘परतली’ म्हणून नोंदवतो. आणि मोठा भाग शल्यचिकित्सकाच्या हातावर अवलंबून असतो: देठाच्या मुळापर्यंत जाणारा आणि वरची पिशवी काढून टाके घालणारा, या दोघांच्या शस्त्रक्रियेचे नाव एकच असले तरी काम एक नसते. म्हणून छापील सरासरीपेक्षा समोरच्या शल्यचिकित्सकाला विचारलेला प्रश्न अधिक उपयोगी पडतो. तुम्ही हातांच्या शस्त्रक्रिया नियमितपणे करता का, देठ आणि आवरणाचा भाग काढता का, तुमच्या रुग्णांमध्ये परतण्याचे प्रमाण किती आहे, असे स्पष्टपणे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

शस्त्रक्रियेनंतर जाड पट्टी बांधली जाते आणि टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. बोटे पहिल्याच दिवसापासून हलवायची असतात. हात दुखतो म्हणून बोटे गुंडाळून ठेवली तर ती आखडतात आणि मग गाठीपेक्षा बोटांचाच त्रास मोठा होतो. हलकी कामे एकदोन आठवड्यांत जमू लागतात, जड वजन उचलणे किंवा हातावर भार घेणे यासाठी सहा आठवडे किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. मनगट खाली वाकवताना ताठरपणा जाणवणे ही सर्वांत सामान्य तक्रार असते आणि व्यायामाने ती बहुधा हळूहळू कमी होते. व्रणाभोवती बधिरपणा, व्रण दुखरा राहणे, जंतुसंसर्ग आणि क्वचित धमनी किंवा मज्जातंतूला इजा हे इतर धोके आहेत. काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासायला पाठवली, तर निदानावर शिक्कामोर्तब होते.

शस्त्रक्रियेनंतरही गाठ परत आली, तर ती बहुधा पहिल्या वर्षभरात दिसू लागते. तेव्हाही मार्ग तेच तीन राहतात. फक्त दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करताना व्रणामुळे ऊती एकमेकांना चिकटलेल्या असतात, मज्जातंतूंच्या शाखा ओळखणे कठीण जाते आणि ताठरपणाची शक्यता वाढते. त्यामुळे परतलेली गाठ दुखत नसेल तर तिला तशीच राहू देणे, आणि दुखत असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून देठ कोठून निघतो आहे हे आधी पाहून, हातांच्या शस्त्रक्रियांचा विशेष अनुभव असलेल्या डॉक्टरांकडेच पुढचा निर्णय सोपवणे योग्य ठरते.